पडद्याच्या आमच्या बाजूला

भूत, भानामती, करणी यांतलं काहीही मी मानत नाही, तेव्हाही मानत नव्हते. अंगात आलेल्या बाईला आधी पाणी पाजावं आणि जेवलीस का ते विचारावं, असं माझं मत. त्यामुळे हे लिहिताना जरा संकोच वाटतोय... पण जे पाहिलं ते पाहिलं. आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमान आहे.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या थोडी आधीची गोष्ट. मी लग्न होऊन कोल्हारला आले होते. प्रवरेच्या काठचं गाव, घरची शेती, ऊस. देवीच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. पडदा मधोमध बांधायचे. पुढच्या बाजूला पुरुष बसायचे आणि मागच्या बाजूला आम्ही बायका. मशीन पुरुषांकडे, त्यामुळे आम्हाला सगळं उलटं दिसायचं. नट डाव्या हाताने जेवायचे, नट्यांचा पदर उजव्या खांद्यावर. माझ्या सासूबाईंची, म्हणजे आत्याबाईंची, ठाम समजूत होती की सिनेमात सगळे डावरेच घेतात. मी एकदा समजावायला गेले तर म्हणाल्या, तू लई शिकलेली.

शिकलेली होतेच, मॅट्रिक पास. नगरला नर्सच्या कोर्सला माझं नावही लागलं होतं. आमचे 'हे' मनातून तयार होते, पण आईपुढे तोंड उघडायची टाप नव्हती. आत्याबाईंनी एका वाक्यात विषय मिटवला. "आपल्या घरच्या सुना लोकांची बाळंतपनं करीत हिंडत न्हाईत." जत्रा संपली की कोर्स सुरू होणार होता. मी रुसून सिनेमालाही जाणार नव्हते, जावेने ओढून नेलं.

त्या सिनेमाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अजूनही हसणारे भेटतात. गोष्ट एका नावाड्याच्या बायकोची. नवरा पुरात जातो, आणि ती त्याची नाव चालवायला घेते. पण बाईच्या नावेत गावातलं कुणी बसत नाही. बस, एवढंच... आणि तेवढ्यासाठी केवढा घाट घातला होता! नदी एका प्रसंगात दुथडी, पुढच्यात गुडघाभर. वादळ सुरू असताना मधेच लावणी. सासऱ्याच्या मिशा दर वेळी वेगळ्या. आणि ती बाई नुसती वल्हं मारतेय, मारतेय, कुणी एक शब्द बोलत नाही, असं कितीतरी वेळ. पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या, आरडाओरडा, मग उठून जाणाऱ्यांच्या वहाणांचे आवाज. आमच्या बाजूची मात्र एकही बाई हलली नाही. मला तर त्या सिनेमातल्या चुकासुद्धा आवडायला लागल्या होत्या. कुणीतरी आपल्या झेपेपेक्षा मोठं काहीतरी करायला निघालंय, पडतंय, तरी निघालंय, हे पाहून ऊर भरून येत होता.

शेवट असा. काठावर रिकामी नाव. ती बाई वाट पाहतेय. मग एक म्हातारी येते, डोक्यावर बोचकं. बोचकं नावेत ठेवते, लुगडं सावरून बसते, नदीत हात बुडवून तोंडावरून फिरवते आणि म्हणते, "चल." खेळ संपला. बायका डोळे पुशीत उठल्या.

घरी जेवताना यांनी विषय काढला. म्हणाले, सिनेमा वाईट नव्हता, मी शेवटपर्यंत बसलो, पण ती रिकामी नाव नुसती वाहत जाते हा काय शेवट झाला? आत्याबाई भाकरी वाढत होत्या. त्या म्हणाल्या, रिकामी कुठली, ती म्हातारी बसली की. हे म्हणाले, कोण म्हातारी? आत्याबाईंनी मग बोचक्यापासून 'चल'पर्यंत सगळं सांगितलं, जसंच्या तसं. माझ्या तोंडून तोवर अवाक्षर निघालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नदीवर धुण्याला गेले तेव्हा एकेकीला वेगळं गाठून विचारलं. सगळ्यांनी तीच म्हातारी पाहिली होती. शेवटपर्यंत बसलेल्या पुरुषांपैकी एकानेही नाही. यांनी तंबूवाल्याला विचारलं, तर त्याने देवीची शपथ घेऊन सांगितलं की या सिनेमात म्हातारी नाहीच. एकच पडदा, एकच मशीन! गावात हसू झालं, बायकांनी मनानेच शेवट लावला म्हणून. मामंजी तर आत्याबाईंना चिडवायचं थांबेनात.

आत्याबाईंनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझे कपडे एका बोचक्यात बांधले आणि सगळ्यांदेखत मामंजींना सांगितलं, "सुमनला नगरला सोडून येते." एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या. हॉस्टेलच्या दारात तेवढं म्हणाल्या, नीट शिक, आपल्या गावाला नर्स न्हाई.

तोच सिनेमा पुढे नगरला एका थिएटरात लागला. आयुष्यात पहिल्यांदा पडद्याच्या पुढून पाहिला, पदर डाव्या खांद्यावर. शेवटाची वाट पाहत बसले. रिकामी नाव वाहत गेली आणि दिवे लागले. म्हातारी नव्हती. मी पुन्हा दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिला, तरी नव्हती.

रीळ तुटलं असेल म्हणावं, तर ते दोन्ही बाजूंना तुटेल. आम्हाला भास झाला म्हणावं, तर तंबूभर बायकांना एकच भास कसा होईल? जाणत्या लोकांना विचारून झालं.

सुट्टीत घरी आले तेव्हा भीत भीत आत्याबाईंना सांगितलं की पुढून पाहिला, त्यात म्हातारी नाही. वाटलं, आता म्हणतील, मग तुला उगाच पाठवलं. त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि शांतपणे म्हणाल्या,

"त्या बाजूनं कशी दिसंल? तिकडनं कुनी बसायला आलं हुतं का?"