कपाळावरचा घाम

शिवऱ्याच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये श्रद्धेपायी मारल्या गेलेल्या संत कुमारिकेची मूर्ती आहे. तिला घाम येतो म्हणतात. बारा वर्षं मी तिला पुसतेय, मला कधी दिसला नाही.

वरव्याची फुलवाली दर शुक्रवारी येते. तिला क्रूसाची खूणसुद्धा येत नाही. पहिल्यांदा तर ओटीचं सामान घेऊन आली. कुमारिका आहे म्हटल्यावर जीभ चावली, तेव्हापासून गजरा आणते.

गेल्या शुक्रवारी तिनं पदरानं मूर्तीचं कपाळ टिपलं. "लई घामेजलीस गं बाय!" मी हात लावून पाहिला. पदर ओला होता.

आज ती यायच्या आधीच मी चर्चच्या दाराला आतून कडी लावली. "निजली आसंल माझी बाय," ती बाहेर पुटपुटली आणि उंबऱ्यावर गजरा ठेवून गेली.

मी मूर्तीचं कपाळ पुसलं. पुन्हा पुसलं. फडकं कोरडंच.