पळताना उचललेलं

फुलबाजीला घडवताना देवाकडून गंभीर चेहरा द्यायचा राहूनच गेला. पोस्टात तिकिटं विकणारी ही बाई मयताला गेली तरी पदर तोंडात कोंबून बसे. दुसऱ्याचं दुःख ऐकलं की आधी हिचेच डोळे भरत, आणि भरल्या डोळ्यांनीच हसू फुटे.

नदी गावात घुसली, माणसं शाळेत राहायला आली, तेव्हा ती रजा टाकून भांडी घासायला हजर. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, लोकांचे संसार वाहून गेलेत. दात दिसले तर घरी पाठवीन."

"नाही दिसणार, सर," ती दात दाखवत म्हणाली.

एका वर्गात सासू-सून होत्या. सासूबाई पोटाशी गाठोडं धरून भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. पुरापासून सुनेशी चकार शब्द नाही. वर्गाच्या दाराशी फुलबाजीसोबत भांडी विसळताना सून रडायला लागली. "संध्याकाळी भाऊ न्यायला येतोय, ताई. गेले की परत यायची नाही. मामंजींचा एकुलता एक फोटो हाताशी होता. तो सोडून मी सिलिंडर उचलला."

"अगं, मग बरंच झालं की!"

"रिकामा होता."

फुलबाजीने ओठ चावले, देवाचं नाव घेतलं. देव काही धावला नाही. असं हसू फुटलं, की हातातलं पातेलं घरंगळत मुख्याध्यापकांच्या पायाशी गेलं. सगळा वर्ग वळून बघू लागला. आणि मग सुनेलाच फस्सकन हसू आलं.

"छातीभर पाण्यात तो मजेत तरंगतोय, ताई, आणि मी त्यालाच सांगतेय, घाबरू नकोस!"

"मी टीव्हीचा रिमोट आणलाय," कोपऱ्यात बसलेला गावचा न्हावी म्हणाला. "टीव्ही गेला."

"आणि अजून बटणं दाबून बघतायत!" त्याची बायको म्हणाली.

वर्ग खदखदू लागला. मुख्याध्यापक पातेलं घेऊन रागवायला उभे राहिले, पण त्यांचेच खांदे हलत होते.

"हसताय काय? हे बघा!" सासूबाईंनी गाठोडं सोडलं. आत कपड्यांचे चिमटे आणि वाळत घालायची दोरी. "फोटो मलाही दिसत होता गं. आणि मी बया हे घेऊन पळाले! कुठल्या तोंडानं बोलणार होते तुझ्याशी?"

सून त्यांच्या मांडीवर कोसळली. दोघी हसतायत की रडतायत, हे फुलबाजीलाही सांगता येईना, आणि ती तर त्यातली जाणकार.

संध्याकाळी भाऊ आला. सासूबाईंनी दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं. "उंच धर रे, सगळ्या शाळेचे कपडे वाळायचेत."

"ताई, निघायचं ना?" त्यानं बहिणीला विचारलं.

"कोण निघतंय?" सून तोंडात चिमटा धरून म्हणाली. "नीट धर, लोंबतेय."