कारण नसताना येणारं गिऱ्हाईक

मुक्ताची पीएचडी अडली, तेव्हा मी देवीला बोलले होते, "पोरीचं काम पार पडेपर्यंत दर शुक्रवारी तुझी फुलं नव्या फूलवालीकडून घेईन. जिच्याकडे कधी गेले नाही, तिच्याकडून!" तेव्हापासून आमच्या बंगळुरातल्या बसवनगुडीच्या घरात परडीतल्या निर्माल्यासारखे किस्से साठत गेले.

*

मुक्ताचा विषय अर्थशास्त्र. "आई, बाजार म्हणजे यंत्र नव्हे, रान. वरून कुणी आखत नाही. दुकानं एकमेकांचं बघून बदलतात. जमलं तर टिकतात, नाहीतर संपतात."

मी विचारलं, "मग या रानाला पाणी कोण घालतं?"

तिच्याबरोबर काम करणारा पुण्याचा ओंकार म्हणाला, "काकू, हाच प्रश्न आम्ही फंडिंगवाल्यांना विचारतोय!"

*

दोघांनी कॉम्प्युटरमध्ये खोटा बाजार वसवला. सगळी गिऱ्हाइकं स्वस्त दुकानाकडे धावायची, बाकीची दुकानं बंद पडायची. मग ते उरलेलं एकच दुकान बुडालं की बाजारच खलास!

मुक्ता जेवेना. "थीसिस द्यायची वेळ आली आणि माझा बाजार रोज मरतोय!"

मी देवापुढे दिवा लावला. ओंकारने विचारलं, "कुणासाठी, काकू?"

"तुमच्या दुकानदारांसाठी."

त्यानेही गुपचूप हात जोडले!

*

आमच्या दारासमोर फुलं विकणारी जयम्मा माझ्यावर रुसलेली. एका शुक्रवारी तिने अडवलंच. "काय अक्का, माझ्या मोगऱ्याचा वास उडाला?"

"नवस आहे गं."

"सरी, बरं. मग देवीला सांगून नवसच स्वल्प, थोडासा बदला!"

दारात उभी मुक्ता आधी हसली, मग एकदम माझ्याकडे वळली. "आई, तू स्वस्त बघत नाहीस, जवळचं बघत नाहीस, नुसती नवीन ठिकाणी जातेस?"

"दर शुक्रवारी."

चप्पल न काढताच ती कॉम्प्युटरकडे धावली! खोट्या बाजारात तिने थोडी अशीच गिऱ्हाइकं सोडली. लहान दुकानं तग धरून राहिली. मोठं दुकान बुडालं, तरी बाजार जगला! ओंकारने त्या गिऱ्हाइकांना नाव दिलं, 'आई'.

*

शेवटच्या तोंडी परीक्षेला मी मागच्या बाकावर, मुठीत अंगारा. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा पुसत म्हणाले, "सगळं ठीक. पण कारण नसताना नव्या दुकानात जाणारं गिऱ्हाईक खऱ्या जगात असतं कुठे?"

मुक्ता म्हणाली, "सर, मागच्या बाकावर."

सगळ्या माना वळल्या. मी उठून नमस्कार केला.

सरांनी विचारलं, "अक्का, या शुक्रवारी कुणाकडे?"

"अजून ठरलं नाही."

सर खळखळून हसले आणि मुक्ताकडे वळले. "अभिनंदन, डॉक्टर!"

नवस फिटला, शुक्रवार मात्र मी सोडले नाहीत. तुम्हीसुद्धा या शुक्रवारी एखाद्या नव्या फूलवालीकडे जाऊन या ना!