हिंगाची डबी

फोडणीत चिमूटभर हिंग पडला की तेल कसं खुदकन हसतं! ते आपल्यालाच हसतं, हे मला पन्नाशीत कळलं.

सीलिअ‍ॅक, म्हणजे गहू न सोसण्याचा आजार, निघाल्यावर डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केला, तेव्हा मी पोळीला रीतसर निरोप दिला. शेवटची घडीची पोळी हातात धरून भाषणही ठोकलं. माझी बायको सुलभा म्हणाली, "अहो, खाताय की सत्कार करताय? गार होतेय ती!"

त्यानंतर तीन महिने ज्वारीची भाकरी आणि आमटी-भात. तरीही पोट दुखायचंच. सुलभा बिचारी आमटीत हिंग वाढवत राहिली. पोटदुखीवर हिंगासारखं दुसरं काय आहे?

काल ती चष्मा लावून, हिंगाची डबी खिडकीपाशी धरून वरची बारीक अक्षरं वाचत होती. बराच वेळ वाचत होती. मग हळूच म्हणाली, "यात गव्हाचं पीठ घालतात हो. आणि मीच वाढवत होते."

पोळी निदान ताटात उघड बसायची. हा हिंग मात्र औषध होऊन घरात राहिला. याच्यावरही दणदणीत भाषण तयार होतं माझं, पण सुलभाचा चेहरा पाहिला आणि ते गुंडाळून ठेवलं. हिंगाने मला फसवलं होतं, तिला तर तिच्याच मायेने.

आज आमटीला नुसती मोहरी आणि जिरं. पळी हातात तशीच धरून तिने विचारलं, "कशी झालीय? खरं सांगा."

"अगदी बेचव," मी म्हणालो आणि वाटी पुन्हा पुढे केली.