उभा धागा, आडवा धागा

दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक रेडिओची नोंद मी वहीत करतो. समासात ऐकलेलं बोलणं टिपायची सवय कधी लागली, कळलंच नाही. परवा अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची वही काढली, तर रेडिओ कमी आणि समासच जास्त भरलेला! कारंज्यात माझ्या दुकानाला लागून रहीमभाईंचं शिलाईचं दुकान. मधल्या बाकावरचे हे किस्से.

*

पोहरादेवीकडचे एक बाबा मुका ट्रान्झिस्टर घेऊन आले. मी सेल काढले, फिरवून घातले. गाणं सुरू!

"सेल तं तेच हायेत ना?"

"तेच. तोंड उलटं होतं."

बाबा ट्रान्झिस्टरवरच चिडले. "एवढ्यासाठी मले यष्टीत उभं आणलं यानं!"

*

रहीमभाईंनी एका मास्तरांची पँट शिवली. घडी केली की दोन्ही पाय सारखे; घातली की एक पाय पिळून गुडघ्यापाशी वळायचा. तो चुकून आडव्या धाग्यावर कापला गेला होता. तेव्हापासून उरलेला प्रत्येक चौकोनी तुकडा ते उभ्या धाग्यात धरतात आणि वरचा उजवा कोपरा कात्रीनं उडवतात.

"कपडा बोलत नाई ना भाऊ, मंग त्याचा कान कापून ठेवतो."

*

नामदेवभाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. त्यांचा मुलगा प्रल्हाद मुंबईत संशोधन करायचा. दिवाळीच्या सुट्टीत आला तो उतरल्या चेहऱ्यानं.

दोन वेगळ्या पदार्थांचे पातळ थर एकावर एक चढवलेला, नखाएवढा स्फटिक. त्यात इलेक्ट्रॉन किती सहज पळतात, ते त्याला मोजायचं होतं. तुकडा तोच, आज एक आकडा, उद्या दुसरा. सरांनी बजावलं होतं, "तुझा हात नीट नाही. होळीपर्यंत आकडे जुळले नाहीत तर जागा सोड."

नामदेवभाऊ एवढंच म्हणाले, "वापस येशीन तं ये बावा. जिनिंग हायच."

ते ऐकून प्रल्हादचे डोळे भरले.

मी त्याची वही मागून घेतली आणि दुपारभर वाचली. आकडे भरकटलेले नव्हते. त्यांचे दोन गठ्ठे पडत होते, प्रत्येक आपल्या जागी पक्का. तसं मी बोललो.

रहीमभाईंनी मशीन थांबवलं. "तुकडा कसा हाय?"

"चौकोनी."

"लावतानी उभा लावतं का आडवा?"

प्रल्हाद म्हणाला, "चाचा, तो चारी बाजूनं सारखाच दिसते."

"मास्तरची पँट बी दिसे!" म्हणत रहीमभाईंनी कान कापलेला एक तुकडा त्याच्या हातात ठेवला.

*

होळीला आठ दिवस होते. नामदेवभाऊंची पत्रं माझ्याच पत्त्यावर यायची. त्या दिवशी पोस्टमननं मुंबईहून आलेलं कार्ड हातात दिलं नाही. काउंटरवर ठेवलं आणि सायकल काढली.

कार्डाला एक कोपरा नव्हता. आमच्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड मरणाचीच खबर आणतं.

नामदेवभाऊ बाकावर बसले. "तुमीच वाचा," म्हणाले. माझा हात उचलेना.

रहीमभाई मशीनवरून उठून आले. त्यांना मराठी वाचता येत नसे. त्यांनी कार्ड उचललं, मजकुराची बाजू समोर घेऊन सुलटं धरलं आणि तुटल्या कडेवरून सावकाश अंगठा फिरवला.

"रडू नका नामदेवभाऊ. हा फाडला नाई, कैचीनं कापला हाय. वरचा, उजवा!"