डब्यातलं डिस्टॉर्शन

माझ्या धाकट्या बहिणीला गाता येतं, हा तिच्या आयुष्यातला मोठा अडथळा होता. गिटार घेऊन ती कुठेही गेली की समोरचा खूश होऊन म्हणायचा, "वा! मग म्हण ना एखादं गाणं." गिटार म्हणजे जणू गाताना हाताला चाळा म्हणून धरलेली वस्तू.

काशीमीऱ्याला हायवेलगतच्या एका गोदामात एका ऑर्केस्ट्राची प्रॅक्टिस चालायची. लग्नं, नवरात्र, सोसायट्यांचे कार्यक्रम अशी कामं ते करायचे. त्यांचा लीड गिटारवाला दुबईला गेल्याचं कळलं आणि बहीण तिथे थडकली. सोबत मी, हमाल म्हणून. ऑर्केस्ट्राच्या मालकांना सगळे 'सर' म्हणत. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"गायिका पाहिजेच आहे आम्हाला."

"सर, मला लीड वाजवायचंय."

"लीडला डिस्टॉर्शन लागतं, बेटा. पेडल आहे?"

हे पेडल म्हणजे पायाशी ठेवायची एक पेटी. तिच्यावरचं बटण पायाने दाबलं की गिटारचा गोड आवाज फाटतो, गुरगुरायला लागतो, आणि मांडवातली पोरं खुर्च्यांवर चढतात. आमच्याकडे ते नव्हतं.

"आहे," मी म्हणालो. "म्हणजे, बनतंय. मी बनवतोय."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी बी.कॉम. झालेला, विम्याच्या ऑफिसात क्लेमचे कागद सरकवणारा माणूस. विजेच्या कामातली माझी आजवरची कमाई म्हणजे मिक्सर दुरुस्त करताना घालवलेला अख्ख्या मजल्याचा फ्यूज.

"रविवारी आणा," सर म्हणाले. "जमलं तर लीड. नाहीतर गा."

भाईंदर पूर्वेच्या सायबर कॅफेतून मी सर्किटची प्रिंट काढून आणली. ट्रान्झिस्टर, डायोड, सोल्डरिंग आयर्न सगळं जमवलं. पेटीचं काय? आईने स्टीलचा चौकोनी डबा दिला. आम्ही गिरगावातून इथे राहायला आलो तेव्हा वास्तुशांतीला मामाने दिलेला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी 'मामाकडून सप्रेम भेट' असं कोरलेलं.

"भोकं पाडा, काय वाटेल ते करा," आई म्हणाली. "पण त्या अक्षरांवर रंग फासायचा नाही. दिलेल्या भांड्यावरचं नाव पुसत नाहीत."

खिडक्यांची ग्रिलं बनवणाऱ्याकडून मी भोकं पाडून घेतली. मग बटण. हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि रुबाबात म्हणालो, "भैया, ऐसा बटन दो जो लात खाए फिर भी ना टूटे." त्याने दाराच्या बेलचं पितळी बटण काढून दिलं. हातात घेतल्या घेतल्या मला पटलं, हेच ते.

सर्किट तिसऱ्या खेपेला बोललं. मी अंगठ्याने बटण दाबून धरलं, बहिणीने तार छेडली आणि छोट्या ॲम्प्लिफायरमधून असा काही गुरगुराट आला की शेजारच्या गुजराती बेन दार उघडून विचारायला आल्या, "सब ठीक छे ने?" मी आनंदाने इतका वेडा झालो की अंगठा उचललाच नाही. उचलला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. उलट, आता काही हलायला नको म्हणून मी वायरींवर गोंद ओतला, झाकणाच्या कडेलाही तोच दोन ट्यूबांचा, दगडासारखा वाळणारा गोंद लावला आणि डबा कायमचा बंद केला.

सजावटीचा मानही मीच आधी घेतला. डब्याच्या बाजूला ऑइल पेंटने डरकाळी फोडणारा वाघ काढला. बहिणीने डबा फिरवून पाहिला.

"दादा, हे मांजर का रडतंय?"

मग तिने तो पुसला आणि गॅलरीत पेपर पसरून नेलपॉलिशच्या बाटल्या घेऊन बसली. मी नुसता बघत होतो. डब्यावर तिने खाडीचं काळपट निळं पाणी उतरवलं, त्यावर मिठागरांचे पांढरे चौकोन, आणि मामाची अक्षरं कोरी ठेवून त्यांच्याभोवती माशांचा थवा. अक्षरंच मासे पकडायचं जाळं आहेत असं वाटावं. टिकली रेखायच्या काडीच्या टोकाने ती एकेक खवला काढत होती. आईला काय वाटलं कोण जाणे, ती आतून स्वतःची ठेवणीतली मरून बाटली घेऊन आली आणि शेजारी ठेवून गेली.

शनिवारी दुपारी रंग वाळला. बहिणीने डबा जमिनीवर ठेवला, पायाने बटण दाबलं. गुरगुराट! पाय उचलला. गोड आवाज. पुन्हा दाबलं, गुरगुराट. उचलला, गोड.

"दादा, पाय उचलला की जातंय."

"हळू उचल."

तिने हळू उचलला. हळू गेलं नाही, गेलंच.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खऱ्या पेडलचं बटण एकदा दाबलं की दाबलेलं राहतं, दुसऱ्यांदा दाबलं की सुटतं. बेलचं बटण बोट काढलं की वर येतं. नाहीतर पाहुणा आत येऊन चहा प्यायला तरी बेल वाजतच राहिली असती. पुढच्या दिवशी परीक्षा, आणि झाकण असं चिकटलेलं की उघडायला गेलो तर आतलं सर्किट बाहेर आलं असतं. मी एक उपाय सुचवला.

"मी तुझ्या पायाशी बसतो ना. तू खूण कर, मी हाताने दाबून धरतो."

"आणि लोकांना काय सांगू? भाऊ पाया पडतोय?"

ती डबा उचलून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. रडत असेल असं वाटून मी दाराला कान लावला. आत तीच चाल पुनःपुन्हा चालली होती. आधी सगळी गोड. मग ओळीचा शेवटचा सूर तेवढा फाटलेला. मग मधलाच एक, अनपेक्षित. कधी सूर गोड निघायचा आणि लांबता लांबता मध्येच गुरगुरायला लागायचा. जेवायला हाक मारली तेव्हा ती बाहेर आली, उजवी पोटरी चोळत. "एका पायावर तोल ठेवायला शिकतेय," एवढंच म्हणाली.

रविवारी गोदामात तिने डबा ठेवला. ड्रमवाला वाकून बघत म्हणाला, "कुठलं मेक आहे?"

"घरचं," मी म्हणालो. आवाज जरा खोलच गेला.

ती वाजवायला लागली. डावा पाय रोवलेला, उजवा टाचेवर, चवडा बटणावर तरंगत. संथ चाल, एकेका ठिकाणी चवडा खाली यायचा आणि नेमका तोच सूर चिरत जायचा. बाहेर हायवेवर ट्रक धडधडत होते. ड्रमवाल्याने काड्या उचलल्या आणि न सांगता ठेका धरला. मी पेडल बनवलं होतं, पण त्याचा उपयोग काय हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

थांबल्यावर सर म्हणाले, "सगळे लोक दाबून सोडून देतात. तू सारखी उचलतेस का?"

"सगळंच फाडलं सर, तर फाटलेलं कळत नाही."

मी 'ही खास टेक्निक आहे' असं म्हणायला तोंड उघडलं होतं. मिटलं.

"आणि गाणं?"

"घरी गाते."

सरांनी हनुवटी खाजवली, ड्रमच्या डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं. "मंगळवारपासून तिथे उभी राहा."

बाकीचे चहाला बाहेर गेले. मी वायरी गुंडाळायला लागलो. बहीण गिटार गळ्यात तशीच ठेवून त्या जागेवर गेली, दोन्ही पाय ठेवून उभी राहिली आणि तिथून रिकामं गोदाम कसं दिसतं ते बघत राहिली.