गाडी पुढच्याच दाराशी लागेल

केंद्रात सगळे तिला तोफ म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. म्हाताऱ्या माणसांनी दिवसभर येऊन बसावं, चार गप्पा माराव्यात, यासाठी चालवलेलं ते केंद्र. तिथे ती आधी मदतनीस होती. हात धरून उतरवायचं, हरवलेला चष्मा शोधून द्यायचा, रुसलेल्याला चहा पाजायचा. जुना ड्रायव्हर निवृत्त झाला, तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या या बाईने मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं आणि व्यवस्थापकांच्या नाकासमोर धरलं. "माणूस शोधत बसू नका. मी आहे."

नाही म्हणायला त्यांना कारण सापडलं नाही.

मग जुनी गाडी मोडीत गेली आणि नवी आली. लांबलचक, उंच, व्हीलचेअर आत घेणारी, चकचकीत रिमची. केंद्राचं दार मात्र होतं तिथेच, अरुंद रस्त्यावर. पुढे-मागे गाड्या उभ्या, मधे केंद्रासाठी सोडलेली एवढीशी जागा आणि फुटपाथची कड दगडी, उंच, धारदार. त्या जागेत ही गाडी रिव्हर्समध्ये घालायची म्हणजे वळणाच्या जिन्यातून पलंग वर चढवण्यासारखं. पहिल्याच आठवड्यात व्हायचं ते झालं. मागचं चाक दगडाला घासलं आणि असा कर्रकन आवाज आला की आत बसलेल्यांच्या अंगावर शहारा आला. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांच्यासुद्धा. रिमवर लांब ओरखडा, टायरच्या बगलेचा तुकडा लोंबतोय.

व्यवस्थापक बाहेर आले, वाकून पाहिलं आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "ताई, उद्यापासून गाडी मागच्या गेटला लावा. तिथे मोप जागा आहे. तुम्हालाही जमेल."

ते 'तुम्हालाही' तिला मिरचीसारखं झोंबलं. पण चूक आपली होती, म्हणून ओठ मिटून ती गाडी मागे लावू लागली.

मागच्या गेटापासून आत यायला खडीची वाट आणि शेवटी पायऱ्या. मोठ्या बाई, म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, वॉकर घेऊन चालायच्या. वॉकरचे पाय खडीत रुतायचे. एका सकाळी त्या मधेच थांबल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "अगं, मी आता यायचं बंद करते. घरी भिंतीशी बोलेन, पण निदान दम तरी लागणार नाही."

तोफेच्या डोक्यात तिडीक गेली. बाईंना आत बसवून ती तडक व्यवस्थापकांच्या खोलीत शिरली.

"साहेब, सोमवारपासून गाडी पुढच्याच दाराशी लागेल."

"आणि चाक?"

"चाकाचं मी बघते."

"पुन्हा घासलं तर?"

"तर किल्ली तुमच्या टेबलावर ठेवीन." रागाच्या भरात ती बोलून गेली.

रविवारी तिने नवऱ्याला दुकानातून उठवलं. तो शिंपी. स्वभावाने इतका शांत, की या दोघांचं जमतं कसं याचं शेजाऱ्यांना कोडं पडायचं. बंद गोदामामागच्या आवारात दोघांनी फळ्या उभ्या करून फुटपाथची कड केली, रिकामी पिंपं ठेवून पुढची-मागची गाडी केली. पहिल्याच खेपेला फळी चाकाखाली कडाडली. नवरा हसला.

"दात काय काढताय? कुठे चुकतंय ते बघा!"

तो उकिडवा बसला, दोन-तीन खेपा नुसता बघत राहिला. "तुझं सगळं लक्ष गाडीच्या नाकाकडे. मागचं चाक फळीला टेकायला आलं, तरी तू गाडी आत वळवतेच आहेस. आधी सरळ करायला घे."

तिने फुटपाथकडचा आरसा खाली झुकवला. आता मागचं चाक आणि फळी, दोन्ही दिसायला लागली.

"दिसतेय ना कड? मग मी शिवताना कडेला कापड सोडतो, तशी जागा सोड. अगदी कडेवर टाका घातला की उसवलंच म्हणून समज."

हे तिला पटलं. अवघड गेलं ते वेगळंच. गाडी फार तिरकी शिरली की रेटायची नाही, बाहेर काढायची आणि पुन्हा घ्यायची. माघार तिच्या रक्तातच नव्हती. उन्हं कलेपर्यंत पिंपांना पोचे पडले, तिची मान आखडली, पण शेवटच्या खेपांना फळ्या उभ्याच राहिल्या.

मोठ्या बाईंना तिने गळ घालून सोमवारी गाडीत बसवलंच. केंद्राशी पोचल्यावर पहिल्या प्रयत्नात गाडी तिरकी गेली. तिने ओठ चावला आणि बाहेर काढली. मागे हॉर्नचा कालवा सुरू झाला. एकाने खिडकीतून डोकं काढलं, "ओ बाई, जमत नसेल तर घरी बसा ना!"

"घरी बस म्हणणारे आजवर खूप भेटले," ती ओरडली, "तुम्ही रांगेत शेवटी उभे राहा!"

तेवढ्यात मागची काच सरकली आणि मोठ्या बाईंचा वर्गातला आवाज रस्त्यावर कडाडला, "हॉर्न कोण वाजवतंय? हात काढ आधी!"

हॉर्न थांबला. तोफेने गाडी मुंगीच्या पावलांनी मागे घेतली. आरशात दगड आणि चाक जवळ आले, तसं तिने स्टिअरिंग उलट फिरवून गाडी सरळ केली आणि ब्रेक दाबला. उतरून मधल्या फटीत पंजा घालून बघितला. आरामात मावला. मोठ्या बाई थेट फुटपाथवर उतरल्या आणि कुणाचा हात न धरता आत गेल्या.

पुढे कितीतरी महिने चाकाला साधा धक्का लागला नाही. मग एका सकाळी, गाडी मागे येत असताना एक मोटरसायकलवाला मधे घुसला. त्याला वाचवताना तिने स्टिअरिंग फिरवलं आणि रिम घासली. व्यवस्थापक दारातच उभे होते. त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

"नाही देणार," ती म्हणाली.

"शब्द दिला होतात तुम्ही."

"दिला होता. चुकीचा दिला. रिमचा ओरखडा काढता येतो, साहेब. त्या खडीवर कुणी पडलं, हाड मोडलं, तर काय कराल? आधी मागच्या वाटेवरून तुम्ही स्वतः वॉकर घेऊन चाला. मग मागा किल्ली."

ते वाकून ओरखडा बघू लागले. मग "रिम नीट करून घ्या," एवढंच पुटपुटून आत गेले. किल्लीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

तिने दार सरकवलं, व्हीलचेअरसाठी उतार खाली सोडला आणि नेहमीच्या आवाजात गरजली, "चला, उतरा पटापट! की आज गाडीतच मुक्काम करायचाय?"